त्याले बोलतं कर

हिंगणघाटला पुण्याची ट्रॅव्हल्स जिथे थांबते तिथे एक पेट्रोल पंप आहे. त्या पंपाच्या कडेला आम्ही चौघं उभे होतो. मी, आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ बंटी. बाबा जिनिंगमधून थेट आले होते, त्यांच्या केसांत आणि भुवयांत कापसाचे बारीक तंतू अडकले होते. आईच्या हातात सांडग्यांची पिशवी होती. बंटी माझ्या बॅगेवर बसला होता, आणि त्याने स्वतःचा चांगला शर्ट काढून घातला होता. आमच्याकडे बॅग भरली म्हणजे सगळेच कुठेतरी जातात, मामाकडे नाहीतर लग्नाला. त्याला वाटलं, आजही तसंच.

बंटी जन्मापासून बहिरा. बारा वर्षांचा होता तेव्हा. बस आली, क्लीनरने फक्त माझी बॅग डिक्कीत टाकली, तसा त्याने आईचा पदर ओढला. आईने माझ्याकडे बोट केलं, बसकडे केलं. मग गालाखाली हात धरून डोळे मिटले. घरात आम्ही 'रात्र' असं सांगायचो. एक रात्र, अजून एक, अजून एक. सांगता सांगता तिचा हात थकला, आणि तिने दोन्ही मुठी वर नेऊन फटाक्यासारख्या उघडल्या. दिवाळी. दिवाळीत येईल. हे त्याला कळलं. त्याने मान हलवली.

चार वर्षं कशी सांगायची, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. 'कॉलेज' नव्हतं आमच्या हातांत, 'पुणे' नव्हतं, 'येऊन परत जाईन' नव्हतं. बारा वर्षांत घराने जेवण, पाणी, दुखतंय, गाय आली, बाबा रागावतील, अशा मोजक्याच खुणा तयार केल्या होत्या.

गावाकडच्या मैत्रिणी अजून फोनवर विचारतात, तू एवढी शिकली कशी, तुला तर अभ्यासाची आवडही नव्हती. माझ्यासारख्याच ट्रॅव्हल्समध्ये बसून पुण्याला आलेल्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्याही विचारतात. खरं आहे. मला आवड नव्हती. मला काम होतं.

ते काम आईने दिलं होतं. बंटी दीड वर्षाचा असताना पोळ्याच्या दिवशी दारात ढोल वाजला आणि हा पाळण्यात ढिम्म झोपलेला. तेव्हापासून आई त्याला घेऊन नागपूरपर्यंत दवाखाने फिरली. एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं, ते इतकं शिट्ट्या मारायचं की त्याने एक दिवस ते विहिरीत टाकून दिलं. बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घाला असं कोणीतरी सुचवलं, तर आई म्हणाली, "माह्या डोळ्याआड नाही ठेवत मी त्याले." मग तो गावातल्याच शाळेत पहिल्या बाकावर बसायचा आणि फळ्यावरची अक्षरं वहीत उतरवायचा. अक्षर मोत्यासारखं, अर्थ एकाचाही माहीत नाही.

आईला एकच हवं होतं. त्याने एकदा तोंडाने 'आई' म्हणावं. बारावी सायन्सनंतर वाचा आणि श्रवण शिकवणारी पदवी पुण्यात असते असं मला कळलं, तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. मागे वळून न बघताच म्हणाली, "जाय. शिकून घे आन् त्याले बोलतं कर."

बाबांचं सांगणं त्याहून लहान होतं. बसची काच खाली करायला लावून म्हणाले, "वर्गात मागच्या बाकावर बसू नको."

कर्वेनगरमध्ये मला एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालक काकू मूळच्या तिथल्याच. पुणं त्यांच्याकडे चालत आलं होतं, त्या पुण्याला गेल्या नव्हत्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना समोरच्या सोसायटीकडे हात करून म्हणायच्या, "हितं आमचं ज्वारीचं रान व्हतं. आता फ्लॅट उगवत्यात." पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे सांडगे तळले, खाऊन बघितले, आणि त्यांच्या आमटीतला गूळ माझ्यापुरता बंद केला.

कॉलेजात वर्गातल्या मुली माझ्याशी चांगल्या वागायच्या, पण मी "येऊन राहिली" म्हटलं की हसायच्या. ध्वनींच्या प्रॅक्टिकलला तर कहरच झाला. आम्हाला एकमेकींचे उच्चार तपासायचे होते. माझ्या जोडीदारणीने माझ्या नावापुढे लिहिलं, 'ण'च्या जागी 'न'. दुसऱ्याला बोलतं करायला आलेल्या मुलीचं स्वतःचं पाणी 'पानी' निघालं. त्या आठवड्यात मी आरशापुढे उभी राहून जीभ उलटी वळवत होते आणि मनात म्हणत होते, आई, इकडे आधी मलाच बोलतं करून राहिले.

माझा अभ्यास मात्र विचित्र चालला होता. पुस्तक उघडलं की मी बंटी शोधायचे. कानाची रचना आली की डोळे फाडून वाचायचे, कारण तो बंटीचा कान होता. तोतरेपणाचा धडा मी सोडून द्यायचे, पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या म्हाताऱ्यांचा सोडून द्यायचे, आवाज बसलेल्या शिक्षकांचा सोडून द्यायचे. ही माणसं आमच्या घरात नव्हती. कॉलेज म्हणजे माझ्यासाठी औषधाचं दुकान होतं. चिठ्ठी दाखवायची, औषध घ्यायचं, घरी जायचं.

आम्हाला शिकवणाऱ्या लिमये मॅडमच्या हे लक्षात आलं. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिल्या चाचणीचे मार्क हातात देताना म्हणाल्या, "अर्ध्या पेपरात उत्तम, अर्ध्यात शून्याच्या आसपास. आपण अर्धीच पदवी घेणार आहात का?"

मी त्यांना भावाचं सांगितलं. मला वाटलं त्या विरघळतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण परीक्षा भावाची नाहीये."

त्या दिवाळीला मी घरी गेले. पंपावर बंटी उभा होताच. मी उतरल्यावर त्याने माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. तो इतका निवांत होता की मला कळायला हवं होतं. त्याला सांगितल्याप्रमाणे दिवाळीला मी आले होते, म्हणजे विषय संपला होता. भाऊबीजेनंतर मी बॅग भरायला घेतली, तर तो आला, बॅगेतले कपडे काढून एकेक करून कपाटात ठेवू लागला. मी पुन्हा भरली. त्याने पुन्हा रिकामी केली. रडत नव्हता, भांडत नव्हता. मी चुकून करतेय आणि तो दुरुस्त करतोय, असं त्याचं चाललं होतं. शेवटी बाबा त्याला शेताकडे घेऊन गेले आणि मी तो नसताना निघाले.

दुसऱ्या वर्षी, जुलैमध्ये असेल, मॅडम मेंदू आणि भाषा शिकवत होत्या. मूल ऐकून बोलायला शिकतं ते आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, शस्त्रक्रिया करायची, मशीन द्यायचं तेही तेव्हाच, असं त्या सांगत होत्या. मी पहिल्या बाकावरून हात वर केला.

"आणि तेरा वर्षांचा मुलगा असेल तर? काहीच ऐकलेलं नसेल तर?"

मॅडमनी फळ्यावरून नजर न काढता उत्तर दिलं. "स्पष्ट भाषणाची अपेक्षा ठेवू नये. उशीर झालेला असतो."

पुढे त्या बोलत होत्या. मी ऐकलं नाही. पुस्तकं उचलली आणि उठून बाहेर आले.

कॉलेजच्या गेटपासून खोलीपर्यंत चालत गेले. वाटेत आईचा फोन आला. ती विचारत होती, जेवली का, पाऊस आहे का, आणि मग नेहमीसारखं, "पुस्तकात आलं का काही आपल्या बंटीचं?" मी म्हटलं, "नाही आलं अजून." खोटं नव्हतं ते पूर्ण. पण फोन ठेवल्यावर मला कळेना की आता मी इथे कशासाठी आहे. दुकानात औषधच नव्हतं.

मी कॉलेजला जाणं बंद केलं. काकूंना वाटलं ताप आहे, मग त्यांना कळलं की ताप नाही. एक दिवस वर आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घरी जायचं आसंल तर जा. मी भाडं न्हाय धरायची. पर त्या मास्तरीनबाईंना तोंडावर सांगून जा. पळून आल्यागत नको."

म्हणून मी मॅडमकडे गेले. सोडतेय असं सांगायला. त्या डबा खात होत्या. पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून त्यांनी मला बसायला सांगितलं.

"त्या दिवशी तुम्ही माझं वाक्य अर्धवट ऐकून उठलात," त्या म्हणाल्या. "भाषणाला उशीर झालाय म्हणाले मी. भाषेला झालाय असं नाही म्हणाले."

मला फरक कळला नाही. तसं मी सांगितलं.

"कळेल कसा? तो धडा तुम्ही सोडलाय. त्यात तुमचा भाऊ नाही असं वाटलं असेल." मग त्यांनी डबा बाजूला सारला. आवाज पहिल्यांदाच थोडा खाली आला. "बोलणं तोंडानेच होतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? त्याला सुट्टीत इकडे आणा. रविवारी सकाळी मंडईजवळ मुलं जमतात. मी पत्ता देते. तोवर वर्गात या. नाहीतर गैरहजेरी लागेल."

एवढंच. मी सोडायला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसले.

उन्हाळ्यात बाबा बंटीला घेऊन आले आणि त्याला माझ्याकडे सोडून दोन दिवसांनी परतले. काकूंनी खाली ओटीवर त्याची झोपायची सोय केली. पहिल्या रविवारी मी त्याला मंडईत नेलं. तिथे कसला गलका असतो ते पुण्यातल्या लोकांना सांगायला नको. भाज्यांचे भाव ओरडणारे, हमाल, रिक्षांचे हॉर्न. त्याच गलक्यात एका रसवंतीच्या पुढे आठ-दहा तरुण मुलंमुली उभी होती आणि बोलत होती. हातांनी. भराभर, एकमेकांना तोडत, टाळ्या देत, हसून वाकत. आजूबाजूच्या ओरड्याचं त्यांना काही नव्हतं. मी तिथे उभी राहिले आणि मला त्यातलं एक अक्षर कळेना. कानाच्या सगळ्या भागांची नावं पाठ असलेली मी नुसती बघत राहिले.

बंटी माझ्या मागे लपला. मग डोकं बाजूला काढून बघू लागला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखं माणूस पाहिलं होतं. तोपर्यंत त्याला बहुतेक वाटत असावं की जगात असा मी एकटाच.

त्यांच्यातला महेश नावाचा एकजण पुढे आला. पस्तिशीचा, चाकणच्या एका कारखान्यात पॅकिंगला. त्याने मला मोबाइलवर टाइप करून विचारलं, याचं नाव काय? मी टाइप केलं. महेशने मान हलवली, तसं नाही. हातातलं नाव. आमच्या घरात बंटीला हातातलं नाव नव्हतं. आम्ही त्याला खांद्यावर थोपटून बोलवायचो. आपल्याला काहीतरी नाव आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

महेशने त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. बंटीच्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खाच आहे. महेशने दोन बोटं भुवईवरून झटकन तिरकी ओढली आणि बंटीकडे बोट केलं. मग सगळ्यांनी तसंच केलं, एकापाठोपाठ एक. बंटी बघत राहिला. मग हळूच त्याने स्वतःच्या भुवईवरून दोन बोटं ओढली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी रसवंतीच्या बाकावर बसून घेतलं.

सुट्टी संपत आली तेव्हा त्याने परत जायला नकार दिला. बॅग काकूंच्या धान्याच्या कोठीमागे लपवली. मी घरी फोन केला. पुण्यात बहिऱ्या मुलांची शाळा आहे, वसतिगृह आहे, हातांची भाषा शिकवतात, तो शिकेल, असं सगळं आईला सांगितलं.

ती म्हणाली, "हातवारे शिकवाले पाठवलं होतं का तुले? हातवारे तं तो इथंबी करते."

"हातवारे नाहीत, आई. भाषा आहे."

"तोंडानं नाही बोलणार मंग तो कधी?"

मी पुस्तकात वाचलेलं, मॅडमनी सांगितलेलं, सगळं ओठांवर आलं होतं. पण तिला मी तेवढंच सांगितलं जे त्या महिन्यात माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. "आई, तुला बोलवायला तो काय करतो? नाकाला बोट लावतो ना, तुझ्या नथनीच्या जागी? इथे सगळी मुलं तसंच करतात. इथे आई म्हणजे तेच. तो लहानपणापासून तुला 'आई'च म्हणतोय."

पलीकडून बाबांचा आवाज आला. त्यांनी फोन तिच्या हातून घेतला होता. "राहू दे त्याले तिथंच," ते म्हणाले. "तुही माय रडून राहिली. पन राहू दे."

तो राहिला. आणि मी त्याच्यासोबत शिकू लागले, कॉलेजात वेगळं आणि रविवारी मंडईत वेगळं. हातांच्या भाषेत त्याने मला महिन्याभरात मागे टाकलं. आणि एक गोष्ट झाली जी मी ठरवून केली नव्हती. माझ्यावरचं काम उतरलं. बंटीला बोलतं करायला आता माझी गरज नव्हती. मग मी सोडलेले धडे उघडले. तोतरेपणाचा वाचला. पक्षाघाताचा वाचला. इंटर्नशिपमध्ये एक आजोबा यायचे, निवृत्त पोस्टमन. झटक्यानंतर त्यांना सगळं कळायचं, फक्त शब्द सापडायचे नाहीत. बायकोचं नाव आठवायला धडपडायचे आणि बायको शेजारी बसून धीराने वाट बघायची. ते माझ्या घरातले नव्हते. पण त्यांच्यासाठी मी ज्या ओढीने वाचलं, तसं बंटीसाठीही कधी वाचलं नसेल. बंटीसाठी मी घाईत वाचत होते. आता मला शिकावंसं वाटत होतं.

बंटीची भाषा भरत जायला वेळ लागला. आधी वस्तू आल्या, मग माणसं, मग भांडणं. काळ सगळ्यात शेवटी आला. काल, परवा, मागच्या वर्षी, मी लहान होतो तेव्हा. दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. काकूंनी दिलेल्या शेंगा सोलत होतो. त्याने शेंगा खाली ठेवल्या आणि विचारलं.

तू बसमध्ये गेलीस. मी लहान होतो. मला का नाही सांगितलं?

मी म्हटलं, सांगितलं होतं. आईने दिवाळी सांगितली होती.

दिवाळी कळली, तो म्हणाला. तू आलीस. मग परत गेलीस. मला वाटलं, मी काहीतरी केलं.

इतकी वर्षं ते त्याच्यात होतं, आणि बाहेर काढायला त्याच्याकडे काही नव्हतं. मी त्याला सांगितलं, तू काही केलं नव्हतंस. आपल्याकडे शब्द नव्हता. 'चार वर्षं' असा शब्दच घरात नव्हता.

त्याने विचार केला. मग चार बोटं दाखवून 'वर्ष' केलं, आणि भुवया उंचावल्या. एवढंसं तर आहे, असं.

मग दोघंही हसलो, आणि त्याने पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

आता तो बारावी देतोय. मी एका क्लिनिकमध्ये नोकरी करते आणि भाषाशास्त्रात एम. ए. करते. हे एम. ए. कोणाला बरं करण्यासाठी नाही. लिमये मॅडमना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे आता तुम्ही विद्यार्थिनी झालात. अभिनंदन. चार वर्षं उशिरा." आमच्या मॅडमकडून एवढं म्हणजे मिठीच.

या उन्हाळ्यात आम्ही दोघं गावी गेलो होतो. बंटी रोज पुण्याहून आईला व्हिडिओ कॉल करायचा हे मला माहीत होतं, पण मी क्लिनिकमध्ये असायचे, कधी नीट पाहिलं नव्हतं. दुपारी मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन पडले होते. पूर्वी अशा वेळी दर थोड्या वेळाने हाक यायची, "रोशनी, हा काय म्हणते पाह्य बरं." जेवताना, पाहुणे आले की, रुसवाफुगवा झाला की, मधे मी. पुण्याला गेल्यावर मला घराची आठवण यायची ती बहुतेक त्या हाकेचीच असायची.

हाक आली नाही. मी उठून दारापाशी गेले. सोप्यात आई आणि बंटी समोरासमोर बसले होते. आईचे हात सावकाश चालत होते, चुकत होते, तो तिची बोटं धरून सरळ करत होता, ती त्याचा हात झटकून पुन्हा स्वतःच करत होती. मग तिने काहीतरी लांबलचक सांगितलं, तो मान मागे टाकून हसला, आणि ती पदर तोंडाला लावून हसली. घरात आवाज नव्हता. बाहेर बाबा गाईला पाणी दाखवत होते.

थोड्या वेळाने आई पाणी प्यायला आत आली. मी विचारलं, "काय चाललं होतं एवढं?"

"तुह्याबद्दलच बोलून राहिलो," ती म्हणाली.

"काय?"

तिने पेला पालथा घातला, माझ्याकडे बघून डोळे बारीक केले, आणि काही न सांगता पुन्हा सोप्यात गेली.